द्रव्य, पात्र आणि प्रयोजन

केकची कृती लिहिणारा आधुनिक पाकशास्त्रज्ञ आणि अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास यागाचा विधी सांगणारा प्राचीन सूत्रकार यांच्यामध्ये काळाचे, देशाचे आणि श्रद्धेचे अंतर कितीही मोठे असले, तरी दोघांच्या लेखनाची एक रीत सारखी आहे, आणि ती ही की दोघेही आज्ञा करतात व त्या आज्ञेचे कारण बहुधा मनातच ठेवतात. २० सेंटिमीटर व्यासाचे गोल भांडे घ्यावे, त्याला आतून लोण्याचा हात फिरवून वर मैदा भुरभुरावा, अंडी फार गार नसावीत, लोणी मऊ असावे पण वितळलेले नसावे, असे एकाने सांगावे. व्रीही, म्हणजे भाताचे दाणे, उखळात कांडूनच निस्तुष करावेत, पीठ ऊन पाण्यात मळावे, गोळ्याला कासवाच्या पाठीचा आकार द्यावा आणि तो आठ कपालांवर भाजावा, असे दुसऱ्याने सांगावे. आणि वाचणाऱ्याने, घरात काय आहे व काय नाही ते पाहून, यांतले काय सोडता येईल, काय बदलता येईल आणि कशाला हात लावता येणार नाही, याचा विचार आपल्या मनाशी करीत बसावे. स्वयंपाकघरात या विचाराचे मोल पाव किलो मैद्याहून अधिक नसते. परंतु हाच प्रश्न पूजेच्या द्रव्याविषयी, मूर्तीच्या मातीविषयी, प्रार्थनेच्या भाषेविषयी उभा राहिला म्हणजे त्यावरून भावाभावांत अबोला येतो आणि पंथांचे पंथ दुभंगतात. परंपरेने सांगितलेल्या गोष्टींपैकी काय बदलण्याची मुभा आपल्याला आहे, आणि ती कोणत्या आधारावर, हा धर्मविचारातील फार जुना आणि अद्यापही अनिर्णीत वाटणारा प्रश्न आहे. आणि त्याचा उलगडा करून पाहण्यास केकचे भांडे व त्यात ओतावयाचे मिश्रण याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळत नाही.

हे उदाहरण मी बाहेरून ओढून आणलेले नाही. वैदिक इष्टींमध्ये देवतेला जे हविर्द्रव्य अर्पण करीत, त्यांत तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाचा भाजलेला पुरोडाश हे प्रमुख होते. कपाले म्हणजे भाजलेल्या मातीची लहान खापरे. ती निखाऱ्यांवर एकमेकांना भिडवून मांडावयाची, त्यांवर पिठाचा गोळा ठेवून पसरावयाचा, आणि वरूनही राख व निखारे घालून त्याला दोन्ही अंगांनी आच द्यावयाची. अग्नीसाठी पुरोडाश असेल तर कपाले आठ, अग्नीषोमांसाठी किंवा इंद्राग्नींसाठी अकरा, वैश्वानरासाठी बारा, अशी त्यांची संख्याही ठरलेली असे. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने प्रसिद्ध केलेल्या श्रौतकोशातून हा सर्व विधी जिज्ञासूस वाचावयास मिळतो. वरून आच देण्याची ही युक्ती पुढेही कोठे ना कोठे टिकून राहिली. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा आणि तूप यांचे बिबिंक करताना एकेक थर झाकणावरच्या सोडणांच्या निखाऱ्यांनी भाजून मगच त्यावर पुढचा थर ओततात. तात्पर्य इतकेच की, भाजावयाच्या पिठाला कोणते पात्र घ्यावे आणि त्यात काय घालावे, हा या देशात एके काळी धर्माचाच प्रश्न होता, आणि त्याची चर्चा करण्यासाठी एक संपूर्ण शास्त्र सिद्ध झाले होते.

ते शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा. जैमिनींच्या सूत्रांचे बारा अध्याय आहेत, त्यांपैकी सहाव्या अध्यायात कर्माचा अधिकार कोणाला याचा विचार आहे, आणि त्याच अध्यायाच्या तिसऱ्या पादात, सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर काय करावे, या व्यावहारिक अडचणीचा असा सूक्ष्म खल केलेला आहे की त्यापुढे आपल्या आजच्या सुधारणाविषयक वादांतील बहुतेक युक्तिवाद ओबडधोबड वाटावेत. या शास्त्राला शुष्क म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी आयुष्य वेचून मीमांसाकोश सिद्ध केला नसता, तर महाराष्ट्रात त्याची आठवण राहिली असती की नाही याची शंकाच आहे. माझ्या मते मात्र, नियम पाळणे आणि नियम समजणे यांतील नाते मीमांसकांइतके प्रामाणिकपणे फार थोड्यांनी तपासले आहे.

प्रथम पात्राचा विचार करू. केकच्या भांड्याविषयीची आज्ञा पुष्कळांना लेखकाची केवळ आवड वाटते, आणि घरात २३ सेंटिमीटरचे भांडे असेल तर तीन सेंटिमीटरांनी काय बिघडणार, असे ते म्हणतात. परंतु वर्तुळाचे क्षेत्र व्यासाच्या वर्गाने वाढते. २० सेंटिमीटरच्या भांड्याचा तळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटरांचा, तर २३ सेंटिमीटरच्या भांड्याचा सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने मोठा असतो. जे मिश्रण पहिल्यात चार सेंटिमीटर उंच उभे राहिले असते, ते दुसऱ्यात तीनच सेंटिमीटर राहते. तापणारा पृष्ठभाग वाढतो, आतील पाणी लवकर उडते, आणि कृतीत लिहिलेल्या वेळेपर्यंत भट्टीत ठेवले तर केक कोरडा व चिवट होतो. उलट भांडे लहान घेतले तर कडा लाल होऊन गेल्या तरी मध्यभाग कच्चाच राहतो, कारण उष्णता भिंतींकडून आत सावकाश झिरपते, आणि कडा घट्ट झाल्यावरही मध्य वर चढतच राहून अखेर फुटतो. हेच जाणून २० सेंटिमीटर बाजूचे चौकोनी भांडे घेतले, तर त्याचा तळ ४०० चौरस सेंटिमीटरांचा भरतो, आणि २३ सेंटिमीटरच्या गोल भांड्याच्या जागी ते बहुतांशी निर्वेधपणे चालते. येथे आकार बदलला, पण ज्यासाठी आकार सांगितला होता ते साधले गेले.

भांड्याच्या रंगाचे प्रकरण याहून मनोरंजक आहे, कारण ते आपल्या नैयायिकांच्या एका प्रसिद्ध उदाहरणाशी सरळ भिडते. कार्याच्या पूर्वी नियमाने असणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण म्हणता येत नाही, हे दाखवण्यासाठी नैयायिकांनी अन्यथासिद्धाची कल्पना मांडली. विश्वनाथ पंचाननाच्या भाषापरिच्छेदात त्याची पाच उदाहरणे आहेत, आणि त्यांत घट घडविणाऱ्या कुंभाराचा बाप, माती वाहून आणणारे गाढव आणि चाक फिरविणाऱ्या दंडाचा रंग यांचा समावेश होतो. दंड हे घटाचे कारण आहे. दंडाचा रंग मात्र दंडाबरोबर आपोआप येतो, घटाच्या उत्पत्तीत त्याचा स्वतंत्र वाटा नाही, म्हणून तो अन्यथासिद्ध. आता केकच्या भांड्याकडे पाहावे. दोन भांडी एकाच धातूची, एकाच मापाची आणि एकाच जाडीची घ्यावीत, एक चकचकीत आणि दुसरे काळपट; दोहोंत एकच मिश्रण समान ओतून एकाच भट्टीत ठेवले, तर काळपट भांड्यातील केकची कड अधिक लवकर आणि अधिक गडद भाजून निघते, कारण भट्टीच्या भिंतींपासून येणारी उष्णता गडद पृष्ठभाग शोषून घेतो आणि चकचकीत पृष्ठभाग तिच्यातील बराच भाग परतवतो. म्हणूनच गडद किंवा काचेचे भांडे घेणाऱ्याने तापमान सुमारे १५ सेल्सिअस अंशांनी कमी ठेवावे, असा संकेत आहे. दंडाचा रंग अन्यथासिद्ध, पण पात्राचा रंग मात्र कारण! यामुळे नैयायिकांचा पराभव होतो असे मी मानीत नाही. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे ती गोष्ट असता कार्य होते आणि नसता होत नाही, असे तपासल्यावाचून कोणत्याही गोष्टीला कारण ठरवू नये आणि कारणत्वातून वगळूही नये, ही त्यांचीच शिकवण येथे खरी ठरते. जो मनुष्य 'रंगाने काय होते' असे तपासल्यावाचून म्हणतो, आणि जो मनुष्य 'आमच्या घरी काळेच भांडे वापरतात' एवढ्यावरच थांबतो, त्या दोघांनीही ती तपासणी केलेली नसते.

आतून लोणी लावण्याच्या आज्ञेचेही असेच आहे. बहुतेक केकना ती आवश्यक असते. पण केवळ अंड्यांच्या पांढऱ्याच्या फेसावर उभा राहणारा जो केक पाश्चात्त्य देशांत एंजल केक या नावाने ओळखला जातो, त्याच्या भांड्याला तुपाचा किंवा लोण्याचा थेंबही लावावयाचा नसतो, कारण तो फेस कोरड्या भिंतीला धरून वर चढतो, आणि भाजून झाल्यावरही तो खाली बसू नये म्हणून भांडे उपडे टांगून निववावे लागते. एके ठिकाणी जो विधी, तोच दुसऱ्या ठिकाणी निषेध. आणि दोहोंच्या मुळाशी असलेला हेतू एकच, की केकने आपली उंची राखावी आणि अखंड बाहेर यावे. हेतू ज्याला ठाऊक आहे, त्याला या दोन आज्ञांत विरोध दिसत नाही.

पण कपालांच्या संख्येपाशी आपण आलो म्हणजे ही वाट अडते. अग्नीच्या पुरोडाशाला आठच कपाले का, या प्रश्नाला ब्राह्मणग्रंथ असे उत्तर देतात की गायत्री छंदाच्या चरणाची अक्षरे आठ आहेत आणि गायत्री हा अग्नीचा छंद आहे. त्रिष्टुभाची अकरा अक्षरे, जगतीची बारा, आणि त्या त्या संख्येची कपाले त्या त्या देवतांना. पुरोडाश भाजला जाणे हे कपालांचे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, प्रयोजन. पण कपाले आठच असणे याचे प्रयोजन दृष्ट नव्हे, ते अदृष्ट, केवळ शास्त्रवचनानेच कळणारे. सातांवरही पीठ भाजले गेले असते. आणि येथेच मीमांसकांनी अतिशय महत्त्वाची मर्यादा घातली आहे: जेथे प्रयोजन दिसते तेथे ते साधणारी दुसरी वस्तू शोधता येते, जेथे प्रयोजन केवळ शब्दानेच कळते तेथे अमुक वस्तूऐवजी तमुक चालेल असे म्हणण्यास आपल्याजवळ कसलेच साधन नाही. म्हणून देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी, म्हणजे त्यांच्या जागी घ्यावयाचा पर्याय, नाही, असा त्यांचा फैसला आहे. त्याच वेळी त्यांनी दुसरेही एक कलम तितक्याच कसोशीने सांगून ठेवले की, दृष्ट प्रयोजन संभवत असेल तेथे अदृष्टाची कल्पना करणे न्याय्य नव्हे. पहिले कलम सुधारकाला आवरते आणि दुसरे सनातन्याला. आपल्याकडील पुष्कळ वादांत एका पक्षाने पहिले विसरावे आणि दुसऱ्याने दुसरे, असा प्रकार चाललेला दिसतो.

द्रव्याच्या बाबतीत मीमांसकांचे नियम तर असे आहेत, की ते केक करणाऱ्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्यावेत. व्रीही नाहीसे झाले तर काय घ्यावे? त्यांच्यासारखे जे नीवार, म्हणजे रानटी तांदूळ, ते घ्यावेत. कारण व्रीहींचे जे अंश आवश्यक आहेत ते नीवारांत मोठ्या प्रमाणात आहेत, आणि घेणारा ते अंश मिळावेत म्हणूनच त्यांचा आश्रय करतो. लोण्याऐवजी तूप घेणारी गृहिणी नेमके हेच करीत असते. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असून उरलेल्यात मुख्यत्वे पाणी असते. तूप जवळजवळ सर्वस्वी स्निग्धच असते. म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी सुमारे ८० ग्रॅम तूप आणि थोडेसे दूध घातले, म्हणजे मुख्यातील अंश जवळजवळ त्याच प्रमाणात येतात. सारख्या वजनाला सारखे वजन घेणारीच्या केकमध्ये तूप पाझरते, आणि ती तुपाला दोष देते.

व्रीही किंवा जव यांपैकी कोणतेही चालेल, असा विकल्प मुळातच दिलेला आहे. तथापि एकदा व्रीहींनी आरंभ केला आणि ते मध्येच नासले, तर पर्याय म्हणून जव घेऊ नयेत, व्रीहींशी सदृश असलेले नीवारच घ्यावेत, कारण निवड करून झाल्यावर दुसरा विकल्प मिटलेला असतो. सादृश्य असले तरी जे धान्य यज्ञाला वर्ज्य म्हणून सांगितले आहे, जसे उडीद किंवा कोद्रव, ते प्रतिनिधी म्हणूनही आत येऊ शकत नाही. आणि सर्वांत मार्मिक नियम हा की, प्रतिनिधीला प्रतिनिधी नाही: नीवारही नासले, तर नीवारांसारखे काय ते शोधू नये, पुन्हा मूळच्या व्रीहींकडे पाहावे व त्यांच्यासारखे शोधावे. पाकात याची सत्यता पाहावयाची असेल तर ताकाच्या केकचे उदाहरण घ्यावे. कृतीत ताक सांगितलेले असते ते खाण्याच्या सोड्याला आम्ल मिळावे म्हणून. आम्लाशी संयोग झाला म्हणजे सोड्यातून वायू निघतो आणि मिश्रण फुगते. ताक नाही म्हणून एखादी दुधात लिंबू पिळते, हे योग्यच आहे. पण लिंबूही नाही असे दिसल्यावर, दूध तर आहेच, असे म्हणून ती नुसते दूध घालते. म्हणजे प्रतिनिधीसारखे जे ते घेते, आणि मुळाकडे पाहत नाही. सोड्याला आम्ल मिळत नाही, केक बसतो, आणि त्याला साबणासारखी चव येते. तिने मुळाकडे पाहिले असते तर घरातले दही पाण्याने सैल करून घेतले असते. धर्मातील पुष्कळ विकृती अशाच रीतीने आलेल्या आहेत. मूळ आचाराची जागा एका सोयीने घेतली, त्या सोयीची जागा दुसऱ्या सोयीने, आणि प्रत्येक पिढीने आपल्या आधीच्या सोयीशी तेवढे सादृश्य राखले.

सहाव्या अध्यायाच्या याच तिसऱ्या पादात खदिराच्या यूपाचा, म्हणजे यज्ञपशू बांधण्याच्या खांबाचा, विचार आहे. यूप खदिराचा असावा असे सांगितले आहे. पण मिळालेला खदिर इतका क्षीण असेल की त्याला पशू बांधताच येणार नाही, तर काय करावे? सांगितलेले द्रव्य हातात आहे, मग ते घ्यावे की त्याच्यासारखा पण मजबूत असा कदर घ्यावा? जैमिनी सांगतात की प्रयोजन आणि द्रव्य यांचा विरोध आला तर प्रयोजन बलवान, कारण द्रव्ये प्रयोजनासाठी असतात. ज्या शास्त्राला आपण शब्दनिष्ठ म्हणून हिणवतो, त्या शास्त्राचा हा निर्णय आहे, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. डब्यात वर्षभर पडून शक्तिहीन झालेली बेकिंग पावडर, केवळ कृतीत तिचे नाव आहे म्हणून घालणारा मनुष्य आज्ञाधारक आहे असे मीमांसक म्हणणार नाहीत. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून ती फसफसत नाही असे दिसल्यावर जो सोडा आणि दही यांकडे वळतो, तोच त्यांच्या दृष्टीने विधीचा अर्थ जाणतो.

आता अंड्याचा प्रश्न, जो आपल्याकडील शाकाहारी घरांत केकच्या बाबतीत नेहमीच उपस्थित होतो, आणि ज्याला खाण्याच्या व्रताचे म्हणून धार्मिक अंगही आहे. अंडे काढून त्याऐवजी काय घालावे, असे विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण अंडे केकमध्ये एकच काम करीत नाही. त्याच्या पांढऱ्यातील प्रथिने घुसळल्याने हवा धरतात. तीच प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन केकला सांगाडा देतात. बलकातील लेसिथिन स्निग्ध आणि पाणी यांना एकत्र नांदवते. शिवाय ओलावा, रंग आणि चव ही निराळीच. मैदा, लोणी, साखर आणि अंडी समभाग घेऊन होणाऱ्या पाउंड केकमध्ये ही कामे अनेक घटकांत वाटलेली असल्यामुळे दही आणि सोडा, किंवा आटवलेले गोड दूध, यांवर बरेचसे भागते. स्पंज केक मात्र अंड्यांच्या फेसावरच उभा असतो. तेथे दह्याने काम भागेल असे मानणे म्हणजे मुख्य आणि अंग यांतला भेदच न ओळखणे होय. तरीही अंडे अग्नीप्रमाणे अप्रतिनिधेय आहे असे म्हणता येत नाही, कारण त्याची सारी प्रयोजने दृष्ट आहेत. २०१४ च्या सुमारास फ्रान्समधील एका हौशी प्रयोगकाराच्या ध्यानात आले की शिजवलेल्या कडधान्याचे पाणी घुसळले तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा पांढराशुभ्र फेस येतो, आणि त्यानंतर काबुली चण्याच्या पाण्याचा हा उपयोग जगभर रूढ झाला. रंगरूपाने अंडे आणि चणा यांत काडीचेही सादृश्य नाही; जे सादृश्य आहे ते कार्याच्या ठिकाणी आहे, आणि ते त्यालाच सापडते जो अंडे काय करते असा प्रश्न विचारतो.

मीमांसकांनी नित्य, म्हणजे न चुकविता करावयाची, आणि काम्य, म्हणजे फलाच्या इच्छेने करावयाची, अशा कर्मांत केलेला भेदही येथे आठवतो. नित्य कर्म यथाशक्ति करावे. एखादे अंग साधले नाही तरी मुख्य सोडू नये. काम्य कर्म मात्र ज्याला सर्व अंगांसह करता येईल त्यानेच हाती घ्यावे, कारण ते करण्याची सक्ती कोणीही केलेली नाही. रोजची भाकरी नित्य आहे, ती मीठ नसले तरी भाजावीच लागते. केक काम्य आहे. देवघरातील रोजच्या पूजेत वस्त्रालंकारांच्या जागी अक्षता वाहून, गणपतीच्या जागी सुपारी मांडून आपल्या वाडवडिलांनी जी मोकळीक घेतली, ती आळसाने घेतली असे मला वाटत नाही. नित्य कर्म कोणाचेही गरिबीमुळे बंद पडू नये, ही त्यामागील करुणा आहे. तीच मोकळीक, हजारो रुपये खर्चून फलाच्या इच्छेने मांडलेल्या अनुष्ठानात, वेळ नाही या सबबीवर घेणे मात्र शास्त्राला मान्य नाही, आणि विवेकालाही नसावे.

अन्य धर्मांतही हा प्रश्न तितक्याच तीव्रतेने विचारला गेला आहे. प्रभुभोजनाची भाकर खमीर घातलेली असावी की बेखमिरी, हा १०५४ साली पूर्वेकडील व पश्चिमेकडील ख्रिस्ती चर्चमध्ये जी फूट पडली तिच्या कारणांपैकी एक मुद्दा होता. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे ही भाकर गव्हाचीच लागते. ज्यांना गव्हातील ग्लुटेन सोसत नाही त्यांच्यासाठी अगदी अल्प ग्लुटेन असलेली भाकर चालेल, पण ते पूर्णपणे काढून टाकलेली चालणार नाही, असे रोमहून २००३ साली पुन्हा स्पष्ट करण्यात आले. बाहेरच्याला हे कठोर वाटेल. पण वसईच्या किंवा गोव्याच्या श्रद्धावंताच्या दृष्टीने तेथील गहू हे अदृष्टाचे क्षेत्र आहे, आणि त्या क्षेत्रात अनुमान चालत नाही. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने दुसरी वाट काढली: शब्बाथाच्या आशीर्वादासाठी द्राक्षाचा आसव मिळेना, तेव्हा मनुका भिजवून त्यांचा रस त्यांनी घेतला. द्राक्षाचे अंश ज्यात आहेत असेच द्रव्य त्यांनी शोधले, नारळाचे पाणी घेतले नाही. जैमिनींचा नीवारांचा न्याय त्यांनी जैमिनींचे नावही न ऐकता अचूक पाळला.

आणि आमच्या गणेशोत्सवात काय झाले? पार्थिव मूर्ती मातीची करावयाची ती पूजेनंतर पाण्यात विरून जावी म्हणून. तिचे विसर्जन हा विधीचाच भाग आहे. तिच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस आले ते वजनाला हलके, साच्यातून सफाईदार निघणारे आणि स्वस्त म्हणून. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाणी मिळताच पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते, आणि पाण्यात सहजी विरघळत नाही. रूपाचे सादृश्य उत्कृष्ट, कार्याचे सादृश्य शून्य. म्हणून माझ्या मते हा प्रतिनिधी शास्त्राने अग्राह्य आहे, नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरीही. उलट, मातीची मूर्ती नदीऐवजी हौदात किंवा घरच्या बादलीत विसर्जित करणाऱ्याने पात्र बदलले, पण प्रयोजन राखले. त्याला नावे ठेवणाऱ्यांनी आपण कशाची बाजू घेत आहोत याचा विचार करावा.

प्रयोजन ओळखण्यातही चूक होऊ शकते. पुरोडाशाच्या कपालानेच कांडलेल्या धान्याचा तूस दूर करावा, असे एक वचन आहे. त्यावर मीमांसकांनी निर्णय दिला की तूस काढण्यासाठी कपाल आणलेले नाही, ते पुरोडाशासाठी आहे, तूस काढणे हे त्याचे आनुषंगिक काम. आज उपवासाने पचनाला विश्रांती मिळते, नमस्काराने पाठीचा कणा मोकळा होतो, तुळशीला पाणी घालताना सकाळची हवा मिळते, असे समर्थन करणारी मंडळी मोठ्या श्रद्धेने कपालाला तूस काढण्याचे साधन ठरवीत असतात. हे लाभ खोटे आहेत असे नव्हे. पण ते उद्या दुसऱ्या सोप्या उपायाने मिळू लागले, तर त्या समर्थनाप्रमाणे उपवास, नमस्कार आणि तुळस या तिन्ही गोष्टी निरुपयोगी ठरतील, आणि ईश्वराच्या सान्निध्यासाठी त्या होत्या हे सांगावयास कोणी उरणार नाही.

भाव महत्त्वाचा, बाह्य विधीचे काय, असे संतांच्या नावावर म्हणणारे पुष्कळ भेटतात. भाव मुख्य आहे हे मला मान्य आहे. परंतु ओतीव मिश्रणाला भांड्याच्या भिंतींचा आधार नसेल तर ते भट्टीत चढत नाही, पसरते आणि करपते. संतांनीही भावाला नामाचा, कीर्तनाचा, एकादशीचा आणि वारीचा आकार दिला, आणि तो पिढ्यानुपिढ्या राखला. दुसऱ्या बाजूला, वहीतील अक्षर न् अक्षर पाळणारा पण त्यातील एकाचाही हेतू न विचारणारा मनुष्य स्वतःला निष्ठावान समजतो; प्रसंग आला, द्रव्य मिळाले नाही, म्हणजे त्याला एक तर सर्वच सोडावे लागते, नाही तर हाताला येईल ते घालावे लागते. न कळता बदलणे आणि न कळता जपणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही. बदलाचा अधिकार आणि रक्षणाचा अधिकार, दोन्ही एकाच्याच हाती असतात, आणि तो म्हणजे प्रयोजन जाणणारा.

म्हणून ज्यांच्या घरी आजीच्या किंवा आईच्या हातची पाककृतींची वही आहे, अथवा कुळाचाराची टिपणे आहेत, आणि ती लिहिणारी किंवा चालविणारी माणसे सुदैवाने अजून आपल्यात आहेत, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. सवड काढून त्यांच्याजवळ बसावे, एकेक ओळ वाचून दाखवून 'हे कशासाठी?' असे आदराने विचारावे, आणि जे उत्तर मिळेल ते त्या ओळीसमोर समासात त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असेही लिहावे, आणि ती ओळ तशीच राहू द्यावी.